डी अँड डीमध्ये साठलेलं सोनं खर्च कसं करायचं

डंजन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी) हा टेबलाभोवती बसून, फासे टाकून गोष्ट पुढे नेण्याचा खेळ; प्रत्येक खेळाडू त्यात एक पात्र चालवतो. त्याची पाचवी आवृत्ती खेळणाऱ्या गटांत हे हमखास दिसतं. पहिल्या तीन लेव्हलपर्यंत (लेव्हल म्हणजे पात्राच्या ताकदीची पायरी) खेळाडू चांदीचं एकेक नाणं मोजतात, दोर घ्यायचा की तेलाची बाटली यावर वाद घालतात. पुढे फायटरच्या, म्हणजे लढवय्या पात्राच्या, अंगावर प्लेट आर्मर हे सगळ्यात महाग चिलखत चढलं की सगळं थंडावतं. आठव्या लेव्हलला कॅरेक्टर शीटवर, म्हणजे पात्राच्या नोंदीच्या कागदावर, पाच-सहा हजार सोन्याची नाणी पडून असतात आणि नवा खजिना सापडला तरी कोणी मान वर करत नाही.

यात खेळाडूंचा दोष नाही. १९७४ साली आलेल्या मूळ खेळात खजिन्यातून आणलेल्या एका सोन्याच्या नाण्यामागे एक एक्सपी, म्हणजे लेव्हल वाढवणारा अनुभवाचा गुण, मिळायचा, म्हणजे सोनं हीच प्रगती होती. १९७९च्या अ‍ॅडव्हान्स्ड डी अँड डीच्या नियमांत पुढची लेव्हल घेण्यासाठी आठवड्याला लेव्हल गुणिले १,५०० नाणी प्रशिक्षणाला मोजावी लागत. जे यायचं ते तिथेच जायचं. २००० साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीत सोन्याचं काम बदललं. जादूच्या वस्तू उघडपणे विकत मिळू लागल्या आणि पाचव्या लेव्हलच्या पात्राकडे ९,००० नाण्यांची मत्ता असावी, दहाव्याकडे ४९,००० ची, असा हिशेब नियमांतच होता. २०१४च्या पाचव्या आवृत्तीने ही दोन्ही कामं काढून घेतली, पण खजिन्याचे तक्ते मात्र भरघोस ठेवले. आवक चालू राहिली आणि निचरा बंद झाला.

म्हणून डीएमने (डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) पहिल्याच सेशनला, म्हणजे बैठकीला, सगळ्यांशी बोलून एक गोष्ट ठरवावी: या कॅम्पेनमध्ये, म्हणजे अनेक बैठका चालणाऱ्या कथेत, सोनं कशासाठी आहे? जीव वाचवण्यासाठी, सत्ता आणि जागा मिळवण्यासाठी, जादूसाठी, की एक्सपीसाठी? चारही दारं एकदम उघडली तर खेळाडू फक्त जादूच्या दारातून जातात, कारण तिथला फायदा आकड्यात दिसतो. एक मुख्य काम निवडा, एक जोडीला ठेवा. पुढचं सगळं या निर्णयावर अवलंबून आहे.

आधी आवक मोजा

२०१४च्या डंजन मास्टर्स गाइड या डीएमच्या नियमपुस्तकातल्या मोठ्या खजिन्यांची नाण्यांपुरती सरासरी अशी निघते. चॅलेंज रेटिंग (शत्रू किती अवघड त्याचा आकडा) ० ते ४: साधारण १९६ सोन्याची नाणी. ५ ते १०: ३,८५७. ११ ते १६: ३१,५००. १७ आणि पुढे: ३,२२,०००. रत्नं आणि कलावस्तू यात धरलेल्या नाहीत. पूर्ण कॅम्पेनमध्ये या चार टप्प्यांत अनुक्रमे ७, १८, १२ आणि ८ खजिने मिळतील असं तेच पुस्तक धरतं.

आता गुणाकार करा. पहिल्या टप्प्यात चौघांच्या पार्टीत, म्हणजे पात्रांच्या टोळीत, प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम ३४३ नाणी येतात. दुसऱ्या टप्प्यात, म्हणजे दहावी लेव्हल संपेपर्यंत, प्रत्येकी १७,००० च्या वर. खेळाडूंच्या पुस्तकातल्या तक्त्यातलं सगळ्यात महाग चिलखत १,५०० ला आहे. उरलेल्या साडेपंधरा हजारांचं काय करायचं याचं उत्तर खेळाडूंचं पुस्तक देत नाही, ते डीएमला द्यावं लागतं.

किमतींचा अंदाज हवा असेल तर मजुरी बघा. अकुशल मजुराला दिवसाला २ चांदीची नाणी मिळतात, कुशल माणसाला २ सोन्याची. १० चांदीचं १ सोन्याचं होतं. म्हणजे प्लेट आर्मर ही मजुराची ७,५०० दिवसांची, वीस वर्षांहून जास्त कमाई आहे. ते घालून फायटर गावात शिरतो तेव्हा लोक त्याच्याकडे कसं बघतील हे डीएमने याच आकड्यावरून ठरवावं.

वाटणी: माणसं अधिक एक

चार खेळाडू असतील तर खजिन्याचे पाच भाग करा. पाचवा भाग पार्टीचा. हा भाग सुरुवातीलाच ठरला नाही तर पुढे कोणी मेलं की त्याला उठवायच्या मंत्राला लागणाऱ्या हिऱ्याचे पैसे कोणी द्यायचे यावरून टेबलावर खरोखरची भांडणं होतात. पार्टीच्या पैशांचा हिशेब एकाच खेळाडूने ठेवावा, शक्यतो सामायिक स्प्रेडशीटमध्ये, आणि तो खेळाडू डीएम नसावा. डीएमने हिशेब ठेवला की सोनं पुन्हा त्याच्याच वहीतला आकडा होतं.

एक उदाहरण नीट बघू. पाचव्या लेव्हलची पार्टी: फायटर, क्लेरिक (देवाचा पुजारी), विझर्ड (पुस्तकी जादूगार), रोग (चोरट्या चालीचं पात्र). दुसऱ्या टप्प्यातला पहिला सरासरी खजिना, ३,८५७ नाणी. पाच भाग केले की प्रत्येकी ७७१, वर २.

फायटरच्या अंगावर स्प्लिंट चिलखत आहे, आर्मर क्लास (त्याला वार लागणं किती अवघड तो आकडा) १७. त्याला १८ चं प्लेट हवंय. जुनं स्प्लिंट २०० चं; वापरलेली साधनं निम्म्या किमतीत जातात, म्हणजे १०० आले. ७७१ अधिक १००, तरी ६२९ कमी पडतात. पार्टीच्या भागात ७७१ आहेत. दिले तर प्लेट आजच मिळतं.

पण त्याच ७७१ मध्ये ३०० चे दोन हिरे येतात आणि वर ५० ची तीन हीलिंग पोशन, म्हणजे जखमा भरणारी औषधं. क्लेरिक आत्ताच पाचव्या लेव्हलला पोचलाय, म्हणजे त्याला रिव्हिव्हिफाय हा मेलेल्याला उठवणारा मंत्र करता येतो, आणि त्या मंत्रात हिरा जळून जातो. हिरा नसेल तर मंत्र येऊनही उपयोग नाही, आणि मेल्यापासून एका मिनिटाच्या आत तो करावा लागतो, त्यामुळे "नंतर गावातून आणू" चालत नाही. एका बाजूला आर्मर क्लासचा एक आकडा, दुसऱ्या बाजूला दोन जीव. आमचं मत स्पष्ट आहे: आधी हिरे. प्लेट पुढच्या खजिन्यात येईल. पण हा निर्णय खेळाडूंनीच, टेबलावर बोलून घ्यायला हवा. ते पंधरा मिनिटं यावर बोलले तर सोन्याने आपलं काम केलं.

विझर्डचा प्रश्न सोपा आहे. सापडलेला मंत्र स्वतःच्या पुस्तकात उतरवायला मंत्राच्या दर लेव्हलमागे ५० नाणी आणि २ तास लागतात. तिसऱ्या लेव्हलचे पाच मंत्र उतरवले की ७५० गेले. अडचण एवढीच की उतरवायला मंत्र सापडले पाहिजेत. डीएमने गावात एखादा म्हातारा जादूगार ठेवावा, जो स्वतःचं पुस्तक बघू देण्याचे वेगळे पैसे घेतो. विझर्डचं सोनं आयुष्यभर तिकडे जात राहील.

पुढच्या लेव्हलमधले मंत्रही सोनं खातात: ग्रेटर रेस्टोरेशनला १०० ची हिऱ्याची पूड, रेझ डेडला ५०० चा हिरा, हीरोज फीस्टला १,००० चं रत्नजडित भांडं, दर वेळी नवं. हे खर्च जिवंत ठेवायचे असतील तर डीएमने एक काम करावं: प्रत्येक गावात किती हिरे मिळतात हे आधीच लिहून ठेवावं. खेड्यात शून्य, बाजारगावात एक, मोठ्या शहरात महिन्याला तीन-चार. पैसे आहेत म्हणून हिरा मिळेलच असं नाही, हे कळलं की खेळाडू साठा करायला लागतात.

वजन विसरू नका

बहुतेक गट हा नियम सोडून देतात आणि खर्चाचं एक चांगलं कारण गमावतात. ५० नाण्यांचं वजन १ पौंड. वरच्या ३,८५७ च्या सरासरी खजिन्यात तांब्याची ७००, चांदीची ७,०००, सोन्याची २,१०० आणि प्लॅटिनमची १०५ नाणी असतात. एकूण ९,९०५ नाणी, म्हणजे १९८ पौंड, जवळजवळ ९० किलो. स्ट्रेंग्थ (ताकदीचा आकडा) १० असलेलं पात्र सगळं मिळून १५० पौंड उचलतं.

त्यातली चांदी एकटीच १४० पौंडांची आणि तिची किंमत फक्त ७०० सोन्याची. टाकून जायचं की न्यायचं? खेचर ८ नाण्यांना मिळतं आणि ४२० पौंड वाहतं, पण त्याला गुहेच्या तोंडाशी सांभाळायला माणूस लागतो. बॅग ऑफ होल्डिंग या जादूच्या पिशवीत ५०० पौंड मावतात, आणि ती मिळाली की हा प्रश्न सुटतो; म्हणून ती फार लवकर देऊ नका. शहरात आल्यावर नाण्यांची रत्नं करून घेणं हा खरा उपाय. रत्नं पूर्ण किमतीला विकली जातात, त्यामुळे नियमाप्रमाणे तोटा नाही. सराफाने शेकडा दोन-तीन कापून घ्यावेत असं आम्ही सुचवू. रक्कम छोटी असते, पण सराफ हे पात्र कायमचं कथेत येतं आणि पार्टीकडे किती माल आहे हे शहरात कोणाला तरी ठाऊक होतं.

महिन्याचा खर्च

राहणीमानाचा दर दिवसाचा असतो: गरीब २ चांदी, साधं १ सोनं, आरामाचं २, श्रीमंती ४, सरदारी १० आणि पुढे. महिन्याला आरामाचं ६०, सरदारी ३००. सहाव्या लेव्हलनंतर हे आकडे कोणाला बोचत नाहीत, म्हणून नुसते वजा करत बसू नका. त्या खर्चाचं काही तरी मिळायला हवं. सरदारी राहणीवर एक महिना काढणाऱ्याला एक निमंत्रण येतं आणि एक चोर मागे लागतो. गरीब राहणाऱ्याला गल्लीतली एक अफवा फुकट कळते. खेळाडू दर निवडायला लागतात तेव्हा ते पात्राचा स्वभाव निवडत असतात.

माणसं कामावर ठेवणं हा याहून चांगला खर्च. दहा कुशल पहारेकरी महिनाभर ठेवले तर ६०० नाणी. ते गुहेत येणार नाहीत. येऊ देऊही नका, नाहीतर प्रत्येक लढाई दुप्पट लांबते. तळ, घोडे आणि माल सांभाळणं एवढंच त्यांचं काम. त्यातल्या दोघांना नावं द्या. पगार थकला की काय होतं हे आधी ठरवून ठेवा.

वेळ दिला नाही तर पैसा हलत नाही

नवी भाषा किंवा साधन शिकायला २०१४च्या नियमाने २५० दिवस आणि २५० नाणी लागतात. २०१७च्या झॅनॅथर्स गाइड या जोडपुस्तकाने ते दहा आठवड्यांवर आणलं, आठवड्याला २५ नाणी, आणि इंटेलिजन्सचा (बुद्धीचा) बोनस असेल तितके आठवडे कमी. पैसे तेवढेच, वेळ खूप कमी. झॅनॅथर्सचाच नियम वापरा. हीलिंग पोशन हर्बलिझम किट (वनौषधींची साधनं) वापरता येणाऱ्याला एका दिवसात २५ नाण्यांत, म्हणजे अर्ध्या किमतीत बनवता येतं.

पण कॅम्पेनमध्ये राक्षसी सेना तीन दिवसांवर येऊन ठेपलेली असेल तर यातलं काहीच होत नाही. खर्चाचे नियम फसण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच. प्रत्येक मोठ्या मोहिमेनंतर किमान दोन आठवडे मोकळे द्या, दोन लेव्हलमागे एकदा एक-दोन महिने. हिवाळ्यात खिंड बंद होते, जहाज वसंतातच सुटतं, राजदरबाराची तारीख लांब असते, अशी कारणं जगातूनच काढा.

जागा, दुकान, किल्ला

खेळाडूंना सराय किंवा दुकान काढायची हौस असते आणि त्यातून पैसे मिळतील असं वाटतं. २०१४च्या नियमांत हिशेब करून बघा. व्यापारी ठाणं बांधायला ५,००० नाणी आणि ६० दिवस, देखभाल दिवसाला १०. महिनाभर जातीने लक्ष दिलं तर शंभराच्या फाशात ३० मिळवायचे. १० किंवा कमी पडलं तर निम्मी देखभाल, १५० नाणी, खिशातून. ११ ते ३० ला बरोबरी. ३१ ते ५० ला १डी६ (सहा बाजूंचा एक फासा) गुणिले ५ नफा, ५१ ते ६० ला २डी८ गुणिले ५, त्यावर ३डी१० गुणिले ५. सरासरी काढली तर महिन्याला २६ नाणी सुटतात. भांडवल परत यायला सोळा वर्षं.

हे खेळाडूंना आधीच सांगा, लपवू नका. धंदा कमाईसाठी नाहीच. त्या ठाण्यावर बातम्या येतात, माल लपवता येतो, पळून आलेल्यांना आसरा देता येतो, शत्रूला हल्ला करायला एक जागा मिळते. दर महिन्याला मालकाला एक बातमी किंवा एक ओळख नक्की द्या. नफ्याचा फासा मग कोणाला खटकत नाही.

किल्ल्याचं गणित आणखी कडक आहे. छोटा किल्ला: ५०,००० नाणी, ४०० दिवस, देखभाल दिवसाला १००. मालक बाहेर गेला तर गैरहजेरीच्या दर दिवसामागे बांधकाम ३ दिवस लांबतं. दुसऱ्या टप्प्यातले सगळे अठरा खजिने एकत्र केले तर ६९,४२६ होतात. किल्ला बांधून उरलेल्या पैशांत तो १९४ दिवस चालतो. त्यामुळे दहाव्या लेव्हलच्या आत किल्ल्याची भाषा नको. बुरुज घ्या: १५,००० नाणी, १०० दिवस, देखभाल २५. किंवा राजाकडून पडका किल्ला बक्षीस मिळू द्या आणि खेळाडूंना दुरुस्ती करू द्या, एका वेळी एक भाग. एकेक हजार करत पैसे जातात, आणि प्रत्येक हजाराचं काही तरी उभं राहिलेलं दिसतं.

२०२४च्या डंजन मास्टर्स गाइडने बॅस्टियनचे, म्हणजे पात्राच्या स्वतःच्या ठाण्याचे, नियम आणले. पाचव्या लेव्हलला प्रत्येक पात्राला ठाणं मिळतं, त्यातल्या दोन खास सुविधा फुकट, आणि खेळातल्या दर सात दिवसांनी एक बॅस्टियन टर्न, म्हणजे ठाण्याला हुकूम द्यायची पाळी. साध्या खोल्या विकत वाढवता येतात: ५०० ला २० दिवस, १,००० ला ४५, ३,००० ला १२५. नियम सुटसुटीत आहेत आणि हिशेबाचा कंटाळा असलेल्या गटांना चालतील. फक्त खास सुविधा फुकट असल्याने सोन्याचा निचरा कमी होतो हे लक्षात ठेवा.

जादूच्या वस्तू विकायच्या तर

२०२४चे दर वस्तूच्या दुर्मिळतेप्रमाणे ठरीव आहेत: कॉमन १००, अनकॉमन ४००, रेअर ४,०००, व्हेरी रेअर ४०,०००, लेजेंडरी २,००,०००, एकदा वापरून संपणाऱ्या वस्तू साधारण निम्म्याला. झॅनॅथर्स गाइडमध्ये रेअर वस्तू २डी१० गुणिले १,०००, म्हणजे सरासरी ११,००० ला पडते, शिवाय विक्रेता शोधायला एक आठवडा आणि १०० नाणी. साठा फार झाला असेल तर जुना दर घ्या, नाहीतर नवा.

पुस्तक उघडून "यातलं काहीही घ्या" असं कधीच म्हणू नका. दुर्मिळतेवरून ताकद कळत नाही. ब्रूम ऑफ फ्लाइंग (उडती केरसुणी) अनकॉमन आहे आणि २०१४च्या नियमांत तिला अट्यूनमेंटही, म्हणजे वस्तू पात्राशी जोडून घेणंही, लागत नाही. ४०० नाण्यांत पाचव्या लेव्हलचं पात्र उडायला लागतं, आणि दऱ्या, तटबंद्या, खड्डे हे डीएमचे सगळे अडथळे एका दुपारी निकामी होतात. त्याऐवजी प्रत्येक शहरात तीन वस्तू ठेवा, दोन अनकॉमन, एक रेअर, आणि प्रत्येकीचा मालक ठरवा. महिन्याने यादी बदला. उडणाऱ्या वस्तू आणि आर्मर क्लास वाढवणाऱ्या वस्तू विक्रीला काढू नका, त्या मोहिमेतच सापडू द्या. पोशन आणि स्क्रोल (मंत्र लिहिलेले कागद) मात्र मोकळ्या हाताने विका. ते वापरून संपतात, आणि पैसे पुन्हा लागतात.

खर्चाचे एक्सपी

जुन्या खेळाची मजा हवी असेल तर असा नियम करा: पात्राला स्वतःला लढाईत फायदा होणार नाही अशा गोष्टीवर उधळलेल्या एका नाण्याला एक एक्सपी. मेजवानी, देऊळ, गुरूचं स्मारक, विधवांना मदत, गायकांना बक्षीस. पाचव्या आवृत्तीच्या आकड्यांशी हे कितपत जुळतं? दुसऱ्या टप्प्यात एका खजिन्यातून, पार्टीचा भाग न काढता चौघांत वाटलं तर, प्रत्येकी ९६४ येतात, आणि पाचव्याहून सहाव्याला जायला ७,५०० लागतात. म्हणजे लढाया कराव्याच लागतात. तिसऱ्या टप्प्यात प्रत्येकी ७,८७५, आणि अकराव्याहून बाराव्याला १५,०००. इथे वेग वाढतो, पण झेपतो. चौथ्यात एकाच खजिन्यातून प्रत्येकी ८०,५०० येतात, आणि सतराव्याहून अठराव्याला फक्त ४०,०००. एका खजिन्यात दोन लेव्हल. म्हणून सोळाव्या लेव्हलनंतर नियम बंद करा, किंवा दहा नाण्यांना एक एक्सपी करा. आणि उधळलेला पैसा कुठे गेला हे एका वाक्यात सांगितल्याशिवाय एक्सपी देऊ नका. ती वाक्यं पुढच्या सेशनला कामाला येतात.

डीएमच्या हातून होणाऱ्या चुका

साठा वाढला म्हणून चोर पाठवून पैसे पळवणं ही सगळ्यात वाईट चूक. एकदा असं झालं की खेळाडू खर्च करायचं सोडून सोनं पुरून ठेवतात. नव्या किल्ल्यावर पहिल्याच महिन्यात ड्रॅगन सोडणंही तसंच. किमान तीन-चार सेशन ती जागा त्यांना वापरू द्या. धोका आधी दिसला पाहिजे, आणि खर्च करून टाळता आला पाहिजे: तटावर आणखी १,००० घातले तर हल्ला झेपेल, अशा पद्धतीने.

सगळ्या वस्तूंचे भाव अचानक दुप्पट करणंही टाळा. एखाद्या गावात दुष्काळ आहे म्हणून धान्य महाग, हे ठीक. खेळाडू श्रीमंत झाले म्हणून दोर महाग, हे त्यांना लगेच कळतं.

शेवटी वेळेचा प्रश्न. खरेदीत सेशनचा एक तास गेला तर ज्यांना काही घ्यायचं नाही ते मोबाइल काढतात. किरकोळ खरेदी दोन सेशनच्या मध्ये गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर उरका: गावात काय मिळतं, काय दर, ही यादी डीएमने टाकावी, खेळाडूंनी सेशनच्या आदल्या रात्रीपर्यंत काय घेतलं ते कळवावं, हिशेब ठेवणाऱ्याने रक्कम वजा करून उरलेला आकडा गटात टाकावा. वेळेत कळवलं नाही तर ती वस्तू पुढच्या गावात. टेबलावर फक्त तेवढेच खर्च आणा ज्यांवर दोघांचं एकमत होत नाही.